व्हीएफएक्सची मुलाखत : शोरीलमध्ये काय ठेवावं, काय काढावं

प्रश्न : विद्यापीठातल्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या पदवीसाठी माझी मुलाखत दीड महिन्यावर आली आहे. ट्युटोरियल्स बघून मी तीन मिनिटांची शोरील (निवडक कामाचा व्हिडिओ) केली आहे. त्यात स्फोट, पोर्टल, हातातून निघणारी वीज, स्पेसशिप असं बरंच आहे. मी रोज स्केचबुकमध्ये चित्रं काढते, पण ती साधी पेन्सिलची आहेत, म्हणून पोर्टफोलिओत घेतली नाहीत. आमचा कॉम्प्युटर जुना आहे. नवा घ्यायचा का, असं बाबा विचारताहेत. काय करू?

उत्तर : आधी स्केचबुक पोर्टफोलिओत घे. आणि त्या तीन मिनिटांतलं निम्म्याहून जास्त काढून टाक. पत्र वाचून मला लगेच सांगावंसं वाटलं ते हेच.

पदवीच्या प्रवेशासाठी मुलाखत घेणाऱ्यांना तुझ्याकडून तयार कलाकाराची अपेक्षा नसते. सॉफ्टवेअर तर ते शिकवणारच आहेत. तुझी नजर किती बारीक आहे आणि जे केलंस ते का केलंस हे तुला सांगता येतं का, हे त्यांना जोखायचं असतं. ट्युटोरियलमधलं पोर्टल त्यांनी कितीतरी रील्समध्ये पाहिलेलं असतं, त्याच रंगाचं आणि त्याच ठिणग्यांचं. ते बघून तुझ्याबद्दल एवढंच कळतं की दिलेल्या सूचना तुला पाळता येतात. शिकताना ट्युटोरियल करायलाच हवं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यातून शिकलेलं तू स्वतःच्या कल्पनेतल्या, स्वतः चित्रित केलेल्या शॉटमध्ये वापरलंस, तरच तो शॉट तुझा म्हणता येईल.

म्हणून या दीड महिन्यात एकच छोटा शॉट मनापासून कर. पाच-सात सेकंद पुरेत. खिडकीजवळचं टेबल घे, मोबाइलवर शूट कर आणि टेबलावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली एखादी साधी वस्तू बसव. चेंडू चालेल, पेला चालेल. ऐकायला किरकोळ वाटेल, पण वस्तू खरोखर तिथे ठेवल्यासारखी दिसेपर्यंत तू जे शिकशील ते दहा स्फोटांतून मिळणार नाही.

शूटिंगच्या वेळी मोबाइलचं एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर, नाहीतर शॉटच्या मध्येच उजेड आणि रंग बदलतील. स्टॅबिलायझेशन बंद ठेव. ते फ्रेम आतून ओढूनताणून सरळ करत असतं, आणि त्यामुळे पुढे कॅमेरा ट्रॅकिंग, म्हणजे फुटेजवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधून काढणं, बिनसतं. बऱ्याच मोबाइलचा फ्रेम रेटही किंचित वर-खाली होतो, म्हणून ट्रॅकिंगच्या आधी फुटेजची इमेज सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढून घे. टेबलाची लांबी-रुंदी आणि कॅमेऱ्याची उंची टेपने मोजून वहीत लिही. वस्तू जिथे येणार आहे, नेमक्या त्या जागी एक खरा, राखाडी रंगाचा चेंडू ठेवून वेगळा शॉट घे. उजेड कुठून येतो, सावलीची कड कुठे धारदार आहे आणि कुठे विरघळते, हे सगळं त्या चेंडूवर दिसतं. फिल्मच्या सेटवरसुद्धा राखाडी आणि आरशासारखा चकचकीत असे दोन गोळे धरून असाच संदर्भ घेतात.

आता कॉम्पोझिटिंग, म्हणजे फुटेज आणि बनवलेली वस्तू एका चित्रात मिसळणं. नवशिक्यांचं काम बहुतेक वेळा दोन जागी उघडं पडतं. पहिली जागा म्हणजे वस्तू टेबलाला टेकते ती रेघ. तिथे अगदी अरुंद, गडद सावली हवी. ती नसली की वस्तू तरंगते, बाकीचं काम कितीही चांगलं असो. दुसरी जागा म्हणजे काळा रंग. फुटेजमधला सर्वात गडद भाग क्वचितच पूर्ण काळा असतो. त्यात थोडा करडेपणा असतो, कधी निळसर छटा असते. रेंडरमधला, म्हणजे ब्लेंडरने तयार केलेल्या चित्रातला, काळा मात्र ठार काळा येतो. सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरचा गॅमा (गडद आणि मधल्या छटांचा उजळपणा) वाढवून बघ, फरक लगेच डोळ्यात भरेल. मग ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक दाणे. मोबाइलच्या फुटेजमध्ये निळ्या चॅनलमध्ये तो सहसा जास्त असतो, म्हणून लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे बघून जुळव. वस्तू हलणारी असेल तर मोशन ब्लर, म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणाही तपास. सेकंदाला २४ फ्रेम्स आणि १८० अंशांचं शटर (फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं) असेल तर प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असते. पण भर उजेडात मोबाइल शटर खूपच वेगवान करतो आणि ब्लर जवळजवळ उरत नाही. अशा फुटेजवर पुस्तकी ब्लर टाकलास तर वस्तू वेगळी पडेल. जे फुटेजमध्ये आहे तेच जुळवायचं.

या शॉटचा ब्रेकडाउन नक्की जोड : मूळ फुटेज, ट्रॅकिंगचे पॉइंट्स, नुसती वस्तू, सावली, रंग जुळवणी आणि शेवटचं चित्र. फसलेली एखादी आवृत्तीसुद्धा शेजारी ठेव. काय चुकलं ते तुला दिसलं आणि तू ते दुरुस्त केलंस, हे त्यातून स्पष्ट कळतं.

वेळ उरला तर चालत्या माणसाचं थोडं रोटो कर, म्हणजे फ्रेममागून फ्रेम त्याची बाह्यरेषा आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं कर. दंड, मनगटापर्यंतचा हात, पंजा यांना वेगवेगळे शेप दे आणि हालचाल जिथे दिशा बदलते तिथे आधी की (त्या फ्रेमवर शेपची जागा पक्की करणारी खूण) टाक. प्रत्येक फ्रेमवर की टाकत गेलीस तर कडा थरथरतात. या क्षेत्रात नव्यांना सुरुवातीला बरेचदा हेच काम मिळतं, त्यामुळे चिकाटीने केलेलं रोटो बघणाऱ्याला बरोबर कळतं.

स्केचबुककडे वळू. ती चित्रं ‘साधी’ आहेत असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. पाणी ओतताना धार कशी पिळवटते, कापडाला घडी कुठून पडते, धूर वर जाताना कधी फुटतो, हे ज्याने कागदावर टिपलंय त्याला कॉम्प्युटरवर घडवलेल्या पाण्या-धुराच्या सिम्युलेशनमध्ये काय चुकतंय ते दिसतं. बघून काढलेली पानं निवड. सिनेमातल्या पात्रांच्या नकला असतील तर एखादीच ठेव. पानं आहेत तशीच स्कॅन कर, खाडाखोड आणि कडेच्या नोंदींसकट. एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळच्या उजेडातले फोटो असतील तर तेही घाल.

विद्यापीठाने कामांची संख्या, रीलची लांबी किंवा फाइलचा प्रकार कळवला असेल तर तोच नियम, माझं म्हणणं बाजूला ठेव. कळवलं नसेल तर मिनिट-सव्वा मिनिट भरपूर झालं. सर्वात चांगला शॉट पहिला ठेव, सुरुवातीला स्वतःच्या नावाचं लांबलचक ॲनिमेशन नको. डाउनलोड केलेलं मॉडेल असेल तर ‘मॉडेल तयार घेतलं, लायटिंग आणि कॉम्पोझिटिंग माझं’ असं शॉटखाली लिही. एआयने केलेलं काही असेल तर आधी त्यांचा नियम वाच आणि वापरलं असेल ते उघडपणे नोंदव. यात लपवाछपवी निघाली तर चांगल्या कामावरचाही विश्वास जातो.

बाबांना सांग, या मुलाखतीसाठी नवा कॉम्प्युटर नको. मोठ्या सिम्युलेशनला ताकदवान मशीन लागतं, पण एचडीमधला छोटा शॉट जुन्यावर हळूहळू का होईना, होतो. रेंडर रात्री लावून ठेव. ब्लेंडर मोफत आहे, डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत कॉम्पोझिटिंगसाठी फ्यूजन येतं, आणि न्यूक या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरचीही शिकण्यापुरती मोफत आवृत्ती मिळते. प्रवेश मिळाल्यावर अभ्यासक्रमाला काय लागतं ते विचारूनच खरेदी करा.

मुलाखतीत ते मध्येच फ्रेम थांबवून ‘इथे काय केलंस?’ किंवा ‘पुन्हा केलंस तर काय बदलशील?’ असं विचारतील. प्रत्येक शॉटबद्दल मोठ्याने बोलायचा सराव कर, आणि तोही व्हीएफएक्समधलं काही न कळणाऱ्या घरच्या माणसासमोर. तूही त्यांना विचार : पहिल्या वर्षी स्वतः शूटिंग करायला मिळतं का, चित्रकलेचे तास असतात का? रीलची फाइल लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह दोन्हींवर ठेव. लिंक पाठवली असशील तर लॉग-इन न केलेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये ती उघडते का, ते आदल्या दिवशी स्वतः बघून घे.