जांघेतली खाज, मेडिकलची ट्यूब आणि बसस्टँडवरची पाटी

'ताई, लाज वाटते पण लिहितो. वय 27, लग्नाले दीड वर्ष झालं. पावसाळा लागल्यापासून जांघेत खाज, गोल लाल चट्टे. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत आराम पडला. लावणं बंद केलं का पुन्हा येते. आता मांडीवर अन् मागं बैठकीपर्यंत पसरलं. मागच्या हप्त्यापासून लिंगाच्या टोकाशीबी लाली अन् आग हाय. बाहेर कुठं गेलो नाही, शपथेवर सांगतो. तरी गुप्तरोग तर नसन? बायकोले काही सांगितलं नाही, ओसरीत झोपतो. तिले वाटते मी नाराज हाय. आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडम हायेत, तिथं कसं दाखवू? बसस्टँडजवळ पाटी हाय, गुप्तरोगावर शर्तिया इलाज. तिथं जाऊ का?'
(नाव नको, यवतमाळ जिल्हा)

भाऊ, त्या पाटीकडे जाऊ नका. आधी हेच सांगते, कारण पत्र छापून तुमच्या हाती पडेपर्यंत तुम्ही तिथं जाऊन बसाल याची मला धास्ती आहे. गुप्तरोग बरा करून देतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. पाटी लावणारा माणूस तुमची कातडी नीट पाहणारही नाही. धातू जातो, शक्ती गेली, असं काहीबाही सांगून तुम्हाला घाबरवेल आणि महागाच्या पुड्या हातात देईल. कपाशीचे पैसे यायच्या आधी असं कर्ज करून बसलेली माणसं मला पत्रं लिहितात.

आता तुमचं दुखणं. पत्रावरून निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. पण जांघेत गोल चट्टा, कडेला लाल उठाव, मधे जरा साफ, घामानं खाज वाढते, हे वर्णन बहुतेक वेळा गजकर्णाचं असतं. ही बुरशी आहे. पावसात भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहिली, खाली घट्ट चड्डी असली, घरात एकच टॉवेल चौघांनी वापरला, की ती फोफावते. त्यासाठी कुठं 'बाहेर' जावं लागत नाही. तुमच्या शपथेवर माझा विश्वास आहे. तरी कधी काही घडलं असेल तर ते मला नको, डॉक्टरांना सांगा. ते तपासणीपुरतं विचारतात.

खरा घोळ त्या ट्यूबनं केला आहे. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे, सोबत बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक मिसळलेलं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, पण कातडीची लढायची ताकदही दबते. तण वरून कापलं तर वावर चार दिवस साफ दिसतं, तसं हे. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होते आणि पांढरट चिरा पडतात, त्या मग जात नाहीत. हट्टी गजकर्ण आज देशभर वाढलंय, त्यामागं अशा ट्यूबचा मोठा हात आहे. 2018 साली सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गावात ती अजून बिनचिठ्ठीची मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून ट्यूब थांबवा आणि लगेच दाखवा. थांबवल्यावर सुरुवातीला खाज उसळू शकते, तेव्हा घाबरून परत लावू नका. साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम नव्या, लहान चट्ट्याला पुरतं. कोरड्या कातडीवर दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या थोडं बाहेरपर्यंत, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. तुमचं मात्र इतकं पसरलंय की पोटात गोळ्या लागू शकतात. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

टोकाशी लाली आहे ती कदाचित निराळी. तिथं ट्यूब लावली असेल, साबण किंवा डेटॉल घासला असेल, तर त्यानंही आग होते. ती नाजूक जागा आहे, तिथं फक्त साधं पाणी. कातडी हळूच मागं घ्या, धुवा, कोरडी करा आणि आठवणीनं पुन्हा पुढं आणा. मागं अडकून सूज आली आणि पुढं येईना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथली लाली वरचेवर येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. साखर वाढलेल्या माणसाला तिथं बुरशी लवकर धरते, आणि कित्येकांना मधुमेह असल्याचं अशाच तक्रारीतून कळतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, मीच विचारते. फवारणी करता ना? पाठीवरचा पंप गळतो, पँट ओली होते आणि माणूस तशाच हातानं लघवीला जातो. अंडकोषाची कातडी फार पातळ असते, विष झपाट्यानं ओढून घेते. लघवीला जायच्या आधी साबणानं हात धुवा, घरी आल्यावर आंघोळ करा, फवारणीचे कपडे वेगळे धुवा. फवारणीनंतर मळमळ, खूप घाम, नजर धूसर होणं, असं काही झालं तर ते खाजेचं प्रकरण नव्हे. थेट रुग्णालय.

खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत आणि घरातल्या इतरांनाही असेल तर ती खरूज. तिचं औषध सगळ्या घरानं एकाच वेळी लावायचं असतं. लिंगावर न दुखणारी जखम, पाण्याचे फोड, पू किंवा लघवीला जळजळ असेल तर एक दिवसही थांबू नका. न दुखणारी जखम आपोआप भरली तरी आजार आत राहतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम दाखवायचीच. ताप, झपाट्यानं वाढणारी सूज, काळी पडणारी कातडी किंवा अंडकोषात अचानक जोराची कळ आली, तर एक तासही दवडायचा नाही, लगेच 108 ला फोन करायचा.

डॉक्टर मॅडमसमोर एवढंच म्हणा, 'मॅडम, जांघेत गजकर्ण आहे, लघवीच्या जागीही लाली आहे, ही ट्यूब लावली होती.' ट्यूब सोबत न्या. त्यांनी असं पुष्कळ पाहिलेलं असतं. तपासताना एखादा पुरुष कर्मचारी हवा असेल तर मागा, त्यात वावगं काही नाही. तरी जमत नसेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत गुप्तरोगांसाठी सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं गोष्ट गुप्त ठेवतात. नुसतं विचारायचं असेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन मोफत आहे.

आणि बायकोला आज सांगा. तिनं मनात काय काय धरलं असेल याचा विचार करा. हे लपवून तिचं रक्षण होत नाही. गजकर्ण टॉवेल-चादरीतून तिलाही लागू शकतं, तिला खाज असेल तर दोघांची तपासणी एकदम व्हायला हवी. टॉवेल वेगळे करा, चड्ड्या सुती वापरा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. टोकाची आग पूर्ण जाईपर्यंत संबंध टाळा, पण त्यासाठी ओसरीत झोपायची गरज नाही.