मुलाच्या रक्तातलं शिसं कोथिंबिरीचा रस आणि स्पिरुलिना देऊन कमी होईल का?

मुलगा 5 वर्षांचा, रक्तात शिसं 9 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर, आणि घराला लागूनच बॅटरी दुरुस्तीचं दुकान, असं तुम्ही लिहिलंय. बॅटरीत शिसं असतं, म्हणून यातलं दुकान आधी बघा, रस नंतर.

खरं तर रस आणि स्पिरुलिना दोन्ही नकोत. लहान मुलांवर चाचणी झाली तेव्हा कोथिंबिरीचं सिरप आणि औषध नसलेलं सिरप यांत फरक दिसला नाही. स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) ज्या पाण्यात वाढते त्यातले जड धातू स्वतःतच साठवते, त्यामुळे तपासणीचा दाखला नसलेला डबा घेणं म्हणजे पैसे देऊन शिसं विकत आणणं. लसणाची गोष्ट थोडी वेगळी. इराणमधल्या बॅटरी कामगारांवरच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसणाच्या गोळ्यांनी 4 आठवड्यांत पेनिसिलामाइन या शिसं काढणाऱ्या औषधाइतकंच शिसं उतरलं. पण ती मोठी माणसं होती, आणि काहीच न दिलेला गट तुलनेला नव्हता. फोडणीत लसूण भरपूर घाला, औषध म्हणून देऊ नका.

आहाराचा खरा उपयोग आतड्यात होतो. लोह आत नेणारी जी वाहक प्रथिनं असतात, त्यांच्यावरूनच शिसंही आत शिरतं. अंगात लोह कमी असलं की आतडं हे वाहक वाढवतं आणि शिशाची सोय होते. कॅल्शियम कमी पडलं तरीही शिसं जास्त शोषलं जातं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांमध्ये साधारण 10 ते 15 टक्के रक्तात जातं, मुलांमध्ये 40 ते 50 टक्क्यांपर्यंत. उपाशीपोटी तर आणखी जास्त. म्हणून दर तीन-चार तासांनी काहीतरी खाऊ घाला, आणि सकाळी न खाता त्याला दुकानाकडे फिरकू देऊ नका.

या वयाला रोज कॅल्शियम 550 आणि लोह 11 मिलिग्रॅम लागतं. 300 मिली गाईचं दूध आणि 50 ग्रॅम नाचणी (मोड आणून केलेलं सत्त्व उत्तम) यांत कॅल्शियम जवळजवळ भागतं. लोहासाठी दुपारी मटकीची उसळ, माठाची भाजी, चालत असेल तर अंडं-मटण. लिंबू ताटात वाढल्यावर पिळा, उकळत्या उसळीत पिळलं तर क जीवनसत्त्व कमी होतं. सोबत अर्धा पेरू. या जेवणाबरोबर दूध नको, कॅल्शियम लोहाला अडवतं. दूध सकाळी आणि रात्री. चहा तर मुलाला नकोच.

हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टर वजनावरून लोहाचं सिरप देतील. मनाने देऊ नका, जास्त लोह मुलांना विषारी ठरतं.

आता दुकान. घरातलं कुणी तिथे काम करत असेल तर त्याने कामाचे कपडे आणि चपला तिथेच उतरवायच्या, अंघोळ करूनच मुलाला उचलायचं, ते कपडे वेगळे धुवायचे. घरात झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा. मुलाचे हात खाण्याआधी साबणाने.

पहिलं रक्त बोटाला टोचून घेतलं असेल तर शिरेतून घेऊन खात्री करा, कारण बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो. त्यानंतर एक ते तीन महिन्यांत पुन्हा तपासा. शिसं काढून टाकणारी औषधं साधारण 45 च्या पुढे देतात, 9 ला त्यांची गरज नाही. आकडा हळूहळूच उतरेल, कारण हाडांत साठलेलं शिसं रक्तात येत राहतं. मात्र दुकानाचा बंदोबस्त करूनही तो तसाच राहिला किंवा चढला, तर सुटी भडक पिवळी हळद, डोळ्यांतला सुरमा, पितळेच्या भांड्यांची कल्हई, घरी कुणी घेत असलेलं नागभस्म (शिशाचं आयुर्वेदिक भस्म) आणि भिंतींचा जुना सुटलेला रंग, हे एकेक करून तपासा.