मुधोळ कुत्रा फिरताना फार ओढतो, काट्यांचा पट्टा घालावा का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाचा मुधोळ आहे, संध्याकाळी वडील त्याला कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर नेतात, तो त्यांना अक्षरशः फरफटत नेतो आणि वडिलांचा खांदा आधीच दुखरा आहे. दुकानदारानं काट्यांचा पट्टा दाखवून "आठवड्यात सरळ होतंय बघा" असं सांगितलंय. माझं उत्तर: घेऊ नका. त्यातून मुधोळला तर नकोच.

तो पट्टा काम करत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. काम करतो, म्हणून तर खपतो. साखळीच्या कड्यांची टोकं आत वळवलेली असतात. कुत्र्यानं ओढलं की पट्टा आवळतो आणि सगळी टोकं एकदम मानेत रुततात, कुत्रं मागं आलं की सैल होतात. दुखणं थांबवायचं असेल तर ओढायचं नाही, एवढं कुठल्याही कुत्र्याला चार-दोन फेऱ्यांत कळतं. मालकाला वाटतं, कुत्रं शिकलं.

पण नेमकं काय शिकलं? ओढताना कुत्रं तुमच्याकडं बघत नसतं. ते बघत असतं समोरून येणारं दुसरं कुत्रं, भेळेच्या गाडीखाली पडलेला कागद, पळत सुटलेलं पोरगं किंवा ॲक्टिवा. त्याच क्षणी मानेत कळ येते. कळ आपल्या ओढण्यामुळं आली हा हिशेब कुत्रं करेलच असं नाही. बऱ्याचदा त्याचा हिशेब सरळ असतो: ते कुत्रं दिसलं की मान दुखते. मग कालपर्यंत जे नुसतं खेळायला धावत होतं, ते लांबूनच गुरगुरायला लागतं. काही कुत्री तर त्या कळीच्या भरात वळून जवळ जे असेल त्याला चावतात, आणि जवळ असतो दोरी धरणाऱ्याचा हात. आमच्या कॉलनीत एका जर्मन शेफर्डला हा पट्टा होता. ओढणं खरंच बंद झालं, पण काही महिन्यांनी ते प्रत्येक दुचाकीवर भुंकायला लागलं. पट्ट्यामुळंच झालं हे मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण आधी ते तसं नव्हतं.

म्हणून कोल्हापुरात तर मला हा पट्टा फारच अडचणीचा वाटतो. तुमच्या घरापासून रंकाळ्यापर्यंत जाताना कोपऱ्याकोपऱ्यावर भटकी कुत्री आहेत, आणि प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली. तुमच्या कुत्र्यानं त्यांच्याकडं शांतपणे बघून पुढं जायला शिकणं ही इथली पहिली गरज आहे. त्यांच्या दिसण्यालाच दुखणं चिकटवून टाकलं तर रोजची फेरी म्हणजे रोजची मारामारी.

आता मुधोळचं. याची मान लांब, कातडी पातळ, केस आखूड. जाड केसांच्या कुत्र्याला निदान केसांची गादी असते, याला तीही नाही. त्यात हे शिकारी, नजरेवर पळणारं कुत्रं. मांजर दिसलं की उभ्या जागेवरून बाणासारखं सुटतं. त्या झटक्याला काटे किती रुततील याचा अंदाज तुम्हीच करा. मानेत श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे. साध्या पट्ट्यानं ओढलं तरी डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसनं, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यानं, ओढलं तर तसा वाढत नाही, हे २००६ साली मोजूनही झालंय.

दुकानात "जर्मन माल आहे" असं सांगतील. हे पट्टे बनवणारी नावाजलेली कंपनी जर्मनीतलीच आहे हे खरं, पण त्याच जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्याला शिकवताना काट्यांचा पट्टा वापरायला बंदी आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनंही २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की कुत्र्याला बक्षीस देऊनच शिकवावं, दुखवून नव्हे. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात या पट्ट्याचं नाव नाही. शिवाय त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे भेळेच्या प्लेटएवढा. तेव्हा कायदा काय म्हणतो यावर हा निर्णय सोडू नका. आणि स्वस्तातले जे पट्टे मिळतात त्यांची टोकं नीट घासलेली नसतात, कडी मध्येच निसटते. रस्त्यावर कडी निसटली की मुधोळ गेला.

"जाणकार माणसानं मापात बसवला तर चालतो" असं म्हणणारे भेटतील. असेलही. पण तुमच्या घरी दोरी धरणार आहेत वडील, आणि त्यांना झटका कधी द्यायचा, कधी नाही याचं गणित मांडत फिरायचं नाहीये.

मग करायचं काय? छातीवर पुढं कडी असलेला हार्नेस घ्या. दोरी पुढच्या कडीला लावली की ओढल्यावर कुत्र्याचं अंग बाजूला वळतं, सरळ जोर लावता येत नाही. वडिलांचा खांदा पहिल्याच फेरीत सांगेल. फक्त पाठीवर कडी असलेला हार्नेस घेऊ नका, त्यानं ओढायला उलट सोयच होते, बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना तसाच घालतात. मुधोळची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळं लॅब्राडोरच्या मापाचा हार्नेस ढगळ होतो आणि तो मागं सरकून त्यातून निघून जातो. घेण्याआधी छातीचा घेर टेपनं मोजा. तयार मापात बसत नसेल तर चप्पल लाईनीत कुणी ओळखीचा कारागीर असेल त्याच्याकडून पट्टे कमी करून घ्या, आतल्या बाजूला मऊ अस्तर लावायला सांगा. याचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसल्यानं साधा पट्टाही सहज निघतो, म्हणून हार्नेसच्या जोडीला थोडंच आवळणारा कापडी पट्टा घालून दोन्ही एका दोरीला जोडा. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी मात्र नको. ती कायम ताणलेली असते, म्हणजे ताण असला तरी पुढं जाता येतं हेच कुत्रं शिकतं.

हार्नेस हे शिकवणं नव्हे, शिकवेपर्यंत खांदा वाचवायची सोय आहे. कुत्रं ओढतं कारण ओढल्यावर ते हव्या त्या जागी पोचतं. हा सौदा मोडायचा. दोरी ताणली की थांबायचं, बोलायचं नाही, मागं खेचायचं नाही. दोरी सैल झाली की लगेच चालायचं. आपल्या गुडघ्याजवळ चालत असेल तेव्हा तिथंच, गुडघ्याशी हात नेऊन, उकडलेल्या चिकनचा किंवा कलेजीचा नखाएवढा तुकडा. (रश्श्यातलं पीस धुऊन देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि तो धुऊन जात नाही.) हे आधी गच्चीवर, मग गल्लीत, मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर. सुरुवातीला अर्ध्या तासात गल्लीचं टोकसुद्धा गाठणार नाही, शेजारी हसतील. हसू द्या.

आणि तोवर संध्याकाळचा रंकाळा बंद. चौपाटीची गर्दी, गाड्या, खाण्याचे वास, फुगे, हे सगळं म्हणजे पहिलीतल्या पोराला थेट दहावीच्या परीक्षेला बसवणं. वडिलांना चालायचंच असेल तर त्यांनी एकटं जावं.

मुधोळच्या ओढण्यामागं आणखी एक कारण असतं ते म्हणजे साचलेली ताकद. हे कुत्रं पळण्यासाठीच जोपासलेलं, त्याला दोरीवरचं संथ चालणं पुरत नाही. कुणाचं कुंपण घातलेलं शेत किंवा मोकळा प्लॉट मिळाला तर आठवड्यातून काही वेळा तिथं मनसोक्त पळू द्या. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत. पळून आलेलं कुत्रं शिकायला बसतं. फिरताना वास घ्यायलाही थांबू द्या, त्याच्यासाठी फेरीचा अर्धा आनंद तोच आहे.

खोकला येत असेल, मानेला हात लावल्यावर दचकत असेल, किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर आत्ताच दात काढत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. कधी कधी दुखणं आधीचंच असतं. आणि वडिलांना आजच सांगा, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. मुठीत धरायची, दुसऱ्या हातानं मध्ये आधार द्यायचा. झटका बसलाच तर सुटली तरी चालेल, पण मनगट जायला नको. म्हणूनच गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाईल नंबर आणि कुत्र्याला रेबीजची लस, या दोन गोष्टी हार्नेसच्या आधी करा.