बी.एड. की एन्झाइम?

प्रश्न : मुलगी सांगलीत बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला तिनं 'सेंद्रिय द्रावकात सुधारित एन्झाइम वापरून अँटिऑक्सिडंट' असा विषय घेतला आणि आता यातच पुढे शिकायचं म्हणते. आम्ही बी.एड. कर म्हणतोय. यात पोट भरेल का?
– एक बागायतदार, तासगाव तालुका

नमस्कार. आधी एक खुलासा : हा 'सेंद्रिय' शब्द सेंद्रिय शेतीतला नव्हे. हेक्झेन, ॲसिटोन असे द्रावक, म्हणजे पदार्थ विरघळवणारे द्रव, ते. आणि एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणारं प्रथिन.

बेदाण्याची द्राक्षं तुम्ही डिपिंग ऑइलमध्ये बुडवता ना? त्यातलं इथाइल ओलिएट म्हणजे एस्टर, आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेलं. मुलीचा विषयही अशाच जोडणीचा आहे. क जीवनसत्त्व उत्तम अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणारं, पण तेलात विरघळत नाही. त्याला पामिटिक आम्लाची शेपटी जोडली की ॲस्कॉर्बिल पामिटेट होतं. ते तेलात मिसळतं आणि तेल लवकर खवट होऊ देत नाही. ही जोडणी लायपेज हे एन्झाइम करू शकतं. पाण्यात हेच लायपेज एस्टर तोडतं; पाणी जवळजवळ काढून टाकलं की जोडायला लागतं! मात्र द्रावकात बहुतेक एन्झाइम मंदावतात. म्हणून त्यांना रेझिनच्या बारीक मण्यांवर बसवतात, नाहीतर त्यांची घडणच बदलतात. एन्झाइमची घडण अशी टप्प्याटप्प्यानं बदलत नेण्याच्या कामासाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलीनं विषय चांगला निवडलाय.

आता पोटापाण्याचं. नुसत्या बीएस्सीवर बहुधा क्वालिटी कंट्रोलमध्ये नमुने तपासायचं काम मिळतं, म्हणून एमएस्सी हवीच. 'बायोटेक' या नावाला भुलून केमिस्ट्री सोडू देऊ नका, हा माझा आग्रह. ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री घ्यावी. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहेच, पण आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षाही द्यावी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली, तर पुण्याच्या एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएचडी करताना दरमहा फेलोशिप मिळते, घरावर भार येत नाही. खाद्यपदार्थ, औषधं, सौंदर्यप्रसाधनं या कंपन्यांच्या संशोधन विभागात अशी माणसं लागतात. त्यासाठी पुण्या-मुंबईला राहावं लागेल, हे घरात आत्ताच बोलून घ्या. बी.एड. एमएस्सीनंतरही करता येतं.

फॉर्म भरण्याआधी तिला कॉलेजच्या सरांना विचारून एक प्रयोग करू द्या : लायपेजनं ऑलिव्ह तेल तोडायचं आणि दर दहा मिनिटांनी नमुना काढून अल्कलीनं टायट्रेट करायचा, म्हणजे थेंबाथेंबानं अल्कली घालून किती आम्ल सुटलं ते मोजायचं. तीन तास उभं राहून आकडे लिहिताना तिचं मन रमलं, तर बिनधास्त फॉर्म भरा.