कॅलेंडरात मोकळे दिवस ठेवा: एकट्यानं बाइकवर देशोदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात लांबच्या बाइक प्रवासाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि खरंच भरभरून पत्रं आली, सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आलेत तेच इथे घेतलेत.

प्रश्न: अलास्कातल्या प्रुधो बे पासून अर्जेंटिनातल्या उशुआयापर्यंत एकट्यानं जायचंय. साधारण 30 हजार किमी धरलेत, रोज 300 किमी म्हणजे 100 दिवस. रजा 110 दिवसांची आहे, दहा दिवस जास्तीचे ठेवलेत. प्लॅन जमतोय का?

नाही जमत, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं. रोजचे 300 किमी जास्त नाहीयेत, चांगल्या रस्त्यावर ते दुपारपर्यंत होतात. घोळ असा की तुम्ही प्रत्येक दिवस गाडी चालवायचाच धरलाय आणि तसं कधीच होत नाही. मेक्सिको सोडला की एकामागून एक बॉर्डर लागतात आणि प्रत्येक ठिकाणी आधी तुमचा पासपोर्ट बाहेर, मग गाडी बाहेर, मग पलीकडे पासपोर्ट आत, गाडी आत, त्यात झेरॉक्स, इन्शुरन्स, जेवणाची सुट्टी, असा सहज अर्धा दिवस जातो. त्या दिवशी 300 किमी करायला गेलात तर शेवटचे शंभर अंधारात होणार, आणि अनोळखी देशात अंधारात बाइक चालवू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, रस्त्यावर गुरं असतात, खड्डे असतात, लाइट नसलेले ट्रक असतात.

दुसरं म्हणजे पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये रस्ताच नाहीये. डॅरियन गॅप म्हणतात त्याला, साधारण 100 किमीचं जंगल आणि दलदल. बाइक बोटीनं किंवा विमानानं पाठवावी लागते. विमानानं पाठवताना टाकी जवळजवळ रिकामी करून, बॅटरीची वायर काढून द्यावी लागते, आणि पलीकडे कस्टममधून सोडवून घ्यायची ती वेगळीच. यात आठवडा गेला तरी गडबडून जाऊ नका, तो आधीच धरून ठेवा.

तारखांचे पण नियम आहेत. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत राहायला सहसा मिळून 90 दिवस मिळतात, प्रत्येकाचे वेगळे नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मेक्सिकोत बाइकसाठी तात्पुरत्या आयातीचं परमिट घेताना डिपॉझिट भरावं लागतं, आणि बाहेर पडताना ते परमिट रद्द करून घेतलं नाही तर डिपॉझिट गेलं. यलो फीव्हरची लस घ्यायची असेल तर सर्टिफिकेट लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, मग ते जन्मभर चालतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

आणि हवामान! उत्तरेला उन्हाळा जून ते ऑगस्ट, उशुआयाला डिसेंबर ते फेब्रुवारी. तुमच्या 110 दिवसांत जुलैत निघालात तर ऑक्टोबरच्या शेवटी पोचाल, तेव्हा तिकडे थंडी पुरती सरलेली नसते, आणि मेच्या सुरुवातीला निघालात तर थेट हिवाळ्यात, बर्फाच्या रस्त्यावर दोन चाकांवर. मी तुमच्या जागी असतो तर एकतर ऑगस्टमध्ये निघून जानेवारीत पोचेन असं बघितलं असतं, म्हणजे साडेपाच महिने, नाहीतर प्रवासाचे दोन तुकडे केले असते. पनामापर्यंत एका वर्षी, पुढचं दुसऱ्या वर्षी. यात काही कमीपणा नाही हो.

एक करा, कागदी कॅलेंडर घ्या आणि आधी त्यात मोकळे दिवस भरा. पाच-सहा दिवस चालवलं की एक दिवस पूर्ण आराम, प्रत्येक बॉर्डरच्या दुसऱ्या दिवशी काही नाही, महिन्यातून सलग तीन दिवस एकाच गावात. कपडे धुवा, चेन साफ करा, झोपा. मग उरलेल्या चौकोनांत किमी भरा. जेवढे मावतील तेवढाच तुमचा प्रवास. एकटं असताना दमलेल्या माणसाला "आता थांब" म्हणणारं कोणी बरोबर नसतं, ते काम त्या कॅलेंडरनं करायचं असतं.

प्रश्न: कार्ने म्हणजे नक्की काय? सगळ्या देशांत लागतं का? आणि इंटरनॅशनल लायसन्स वेगळं काढायचं का?

कार्ने म्हणजे तुमच्या गाडीचा पासपोर्ट असं समजा. तुम्ही गाडी त्या देशात विकून येणार नाही, परत बाहेर नेणार, याची हमी तुमच्या देशातला ऑटोमोबाइल क्लब देतो आणि त्यासाठी तुमच्याकडून डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी घेतो. एक वर्ष चालतं. इराण, भारत, इजिप्त असे देश ते मागतात. युरोपात लागत नाही, दक्षिण अमेरिकेत आणि मध्य आशियात पण बहुतेक ठिकाणी बॉर्डरवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. त्यामुळे आधी रूट पक्का करा, मगच कार्नेच्या मागे लागा, कारण त्यात पैसे बरेच दिवस अडकून पडतात.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत जाताना एक भाग कस्टमवाले फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि स्थळप्रत तुमच्या पुस्तकात राहते, तिच्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन शिक्के हवेत. दोन म्हणजे दोनच! हे मी इतकं ठासून सांगतोय कारण माझा एक शिक्का राहिला होता. संध्याकाळची वेळ, बॉर्डरवर लाइट गेलेली, पासपोर्टवर शिक्का मारला आणि काउंटरवरच्या माणसानं हातानंच जा जा केलं, मी पण दमलेलो, दिवसभरात 400 किमी झालेले, ग्लोव्ह्ज घातले आणि निघालो. रात्री मुक्कामाला बॅग उघडून पुस्तक बघितलं तर बाहेर पडल्याची जागा कोरी. परत जायचं तर व्हिसा एकदाच आत येण्याचा होता, तो संपलेला. कागदोपत्री माझी बाइक अजून त्या देशातच होती आणि ते आयात कर मागू शकत होते. शेवटी पुढच्या देशातल्या कस्टम ऑफिसात बाइक उभी करून, चॅसी नंबर दाखवून, गाडी इथे आहे असं सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं आणि ते क्लबला पाठवलं, तेव्हा कुठे डिपॉझिट सुटलं, त्यालाही तीन महिने लागले.

तेव्हापासून मी बॉर्डरवरच्या शेवटच्या दांडीच्या आधी बाइक बाजूला घेतो, इंजिन बंद करतो, हेल्मेट काढतो आणि पासपोर्टचा शिक्का, कार्नेचा शिक्का, तारीख, चॅसी नंबर असं एकेक बोट ठेवून वाचतो. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवू दे. आणि कार्ने काढतानाच चॅसी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरून वाचून जुळवा, एखादा आकडा चुकला तरी पुढे फार त्रास होतो.

इंटरनॅशनल परमिट बऱ्याच देशांत लागतं, आणि मूळ लायसन्स बरोबर असेल तरच ते चालतं. त्यातही रस्ता वाहतुकीच्या 1949 च्या करारातलं आणि 1968 च्या करारातलं अशी मुख्य दोन असतात, पहिलं एक वर्ष चालतं, दुसरं जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमच्या रूटवरचा देश कुठलं मानतो ते बघून काढा. मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना तेही बघा, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले तिथेच बोट ठेवतात.

प्रश्न: 1200 सीसीची मोठी ॲडव्हेंचर बाइक घ्यावी की आहे ती 400 सीसीची न्यावी?

आहे ती न्या. पॅनियर म्हणजे बाजूच्या पेट्या भरा, टाकी फुल्ल करा, मोकळ्या मैदानात बाइक आडवी पाडा आणि एकट्यानं उचला. लगेच दुसऱ्यांदा पाडा, परत उचला. तिसऱ्यांदा उचलता आली तर ती बाइक तुमची. एल्सपेथ बियर्ड 1982 साली लंडनहून एकट्या निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे 600 सीसीची सेकंडहँड बीएमडब्ल्यू होती, आणि टेड सायमन 1973 पासून चार वर्षं फिरले ते 500 सीसीच्या ट्रायम्फवर. दोघांनी जगाला चक्कर मारली. आज कुठलीही नीट सर्व्हिस केलेली 400 सीसीची गाडी यापेक्षा कमी त्रास देईल. जी बाइक तुम्हाला आतून-बाहेरून माहितीये, जिचा आवाज बदललेला तुम्हाला लगेच कळतो, तीच बरोबर असलेली बरी.

प्रश्न: मी 34 वर्षांची आहे, मध्य आशियातल्या डोंगराळ पामीर हायवेला एकटी जाणार आहे. सगळे लुटमारीची भीती घालतात. मला मात्र जास्त भीती वाटते ती गाडी बंद पडण्याची आणि आजारी पडण्याची. काय तयारी करू?

ताई, तुमची भीती अगदी बरोबर ठिकाणी आहे. लुटमारीचा विचार करूच नका असं नाही, मुक्काम उजेडात गाठा, रात्री कुठे राहणार ते रस्त्यात भेटलेल्या कुणालाही सांगू नका, पण लांबच्या प्रवासात माणसं घरी परततात ती बहुतेक पडल्यामुळे, आजारपणामुळे किंवा गाडीमुळे.

पामीरला अक-बैताल खिंड 4655 मीटरवर आहे. चालत जाणारा माणूस हळूहळू चढतो म्हणून शरीराला सवय होते, बाइकवर आपण एका दिवसात दोन हजार मीटर चढून जातो आणि काही जाणवत पण नाही, रात्री झोपल्यावर डोकं ठणकायला लागतं. नियम साधा आहे, 3000 मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच. डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर वर जायचं नाही, बरं वाटत नसेल तर खाली यायचं. हे दिवस पण कॅलेंडरात धरा.

गाडीचं म्हणाल तर निघायच्या आधी घरीच पुढचं आणि मागचं चाक प्रत्येकी तीनदा काढा, तुम्ही रस्त्यात वापरणार त्याच पान्यांनी. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा किंवा तारेचा तुकडा शोधायचा, तो राहिला तर दहा किमीवर परत बसाल. ट्यूब आत घालताना थोडीशी हवा भरून घाला म्हणजे ती टायर बसवायच्या लिव्हरमध्ये चिमटत नाही. आणि टायरचा शेवटचा वीतभर भाग कितीही जोर लावून बसत नाही ना, तेव्हा जोर लावूच नका, समोरच्या बाजूनं टायर गुडघ्यानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, इकडची बाजू आपोआप सैल पडते. हे मला समजायला दोन ट्यूब फाडाव्या लागल्या. बरोबर क्लचची केबल, ब्रेकचा लिव्हर, चेनची जोडकडी, दोन्ही चाकांच्या ट्यूब घ्या, बाकी फार काही नको.

तुम्ही डावीकडून चालवणाऱ्या देशातून उजवीकडच्या देशात जाणार असाल तर टाकीवर चिकटपट्टीचा बाण लावा. गर्दीत चूक होत नाही, सगळे जातात तिकडे आपण जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून किंवा चहा पिऊन निघताना.

प्रश्न: मुलगा पुढच्या महिन्यात एकटाच निघतोय. रोज फोन कर म्हटलं तर चिडतो. आई म्हणून मी काय करावं?

रोज फोन नका मागू काकू, त्याला रेंज नसेल त्या दिवशी तुम्ही रात्रभर जाग्या राहाल आणि तो तुम्हाला फोन करायचा म्हणून अंधारात गाडी हाणेल. त्यापेक्षा दोघांनी मिळून ठरवा, मुक्कामाला पोचला की फक्त गावाचं नाव मेसेज करायचं. पुढे रेंज नसणार असेल तर "परवा संध्याकाळपर्यंत" असं आधी कळवायचं. ती वेळ टळून पूर्ण एक दिवस गेला तर तुम्ही कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर त्यानं कागदावर लिहून द्यायचा. पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्स, रक्तगट, गाडीचे नंबर, सगळ्याची एक प्रत तुमच्याकडे. आणि त्याच्या कॅलेंडराची पण एक प्रत मागून घ्या, मोकळ्या दिवसांसकट. त्या मोकळ्या दिवसांपैकी एका दिवशी तो निवांत असेल, आंघोळ करून, पोटभर जेवून बसलेला असेल, तेव्हा तोच फोन करेल, आणि तेव्हा मात्र भरपूर वेळ बोला.