‘जबाबदारीतून स्वातंत्र्य’ : यातलं ‘-तून’ बरोबर आहे का?

तासगावच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे : शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय आला आहे, ‘व्यक्तीच्या नैतिक जबाबदारीतून समाजाला खरे स्वातंत्र्य मिळते’. त्यावर एका मुलाने वर्गातच शंका काढली, की स्वातंत्र्य म्हणजे बंधन नसणं आणि जबाबदारी म्हणजे बंधन, मग एकातून दुसरं निघेल कसं? या शब्दांचे मूळ अर्थ काय सांगतात, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या. पण त्याने ‘स्वातंत्र्य’ म्हणून जो अर्थ धरला आहे, तो ‘मोकळीक’ या शब्दाचा आहे. ‘मोकळा’ हा ‘मुच्’ म्हणजे सोडणे या धातूच्या गोतातला. दावं सोडलं की बैल मोकळा होतो, स्वतंत्र होत नाही. ‘स्वतंत्र’ शब्दात ‘तंत्र’ ठाण मांडून बसलं आहे. ते आलं ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूवरून. संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे माग, मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि मग त्यावरून व्यवस्था, नियम. तुमच्या जवळच विट्याला यंत्रमाग आहेत. मुलांना एकदा नेऊन ताणा दाखवा. तो सैल पडला तर कापडच होत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. परतंत्र म्हणजे ज्याचा ताणा दुसऱ्याच्या हातात. स्वतंत्र म्हणजे ज्याने तो स्वतः लावला आहे. ताणाच नको असेल तर त्यासाठी मराठीत ‘स्वैर’ हा वेगळा शब्द आहे.

आता ‘जबाबदारी’. ‘जवाब’ अरबी, ‘-दार’ फारसी, म्हणजे बाळगणारा. हवालदार, ठाणेदार याच साच्यातले. विचारल्यावर द्यायला ज्याच्याजवळ उत्तर आहे तो जबाबदार. ‘जाब विचारणे’ मधला जाब हाच, ‘जवाब’ आखडून झालेला. या शब्दात बांधलेपणाचा अर्थ कुठेच नाही, उलट आपण जाब विचारतो तो ज्याला वेगळं वागता आलं असतं त्यालाच. खुंटीला बांधलेल्या जनावराला कोणी जाब विचारत नाही. पाणिनीने कर्त्याची व्याख्या दोनच शब्दांत केली आहे : ‘स्वतन्त्रः कर्ता’. क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. हे व्याकरणाचं सूत्र आहे, नीतीचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी वर्गात शिकवताना मी इथे नेहमी थांबतो, कारण ज्याला कर्ताच होता येत नाही त्याच्याकडे जबाब मागायचा कसा?

म्हणून माझा आक्षेप त्या ‘-तून’वर आहे. ‘-तून’ म्हणजे आधी ते, मग हे. आधी तुम्ही जबाबदार व्हा, मग स्वातंत्र्य. हा क्रम राज्यकर्त्यांना नेहमी सोयीचा पडतो. ‘तुम्ही अजून लायक झाला नाहीत’ हे इंग्रजांनी आपल्याला कितीदा ऐकवलं! आपल्याच मातीत याच्या उलट घडलेलं आहे. आटपाडी तालुका तेव्हा औंध संस्थानात होता. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच काळात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने त्यांनी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी केली. कैद्यांनी भिंतींशिवाय, कुटुंबासह राहायचं, शेती करायची. तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव! तिथे भरवसा आधी दिला गेला आणि जबाबदारी त्या भरवशावर वाढली. मराठीतल्या गावांच्या नावांत मला इतकं विचारपूर्वक ठेवलेलं नाव दुसरं आठवत नाही.

विषयातलं ‘मिळते’ही मला खटकतं. ‘समाजाला स्वातंत्र्य मिळते’ या वाक्यात कर्ता स्वातंत्र्य आहे, समाज चतुर्थीत हात पसरून उभा आहे. जबाबदारी आपण घेतो, उचलतो, पेलतो, नाहीतर झटकतो. प्रत्येक वेळी करणारे आपण. स्वातंत्र्य मात्र आपल्या बोलण्यात बहुधा मिळतं किंवा हिरावलं जातं. याच भागात इंग्रज सरकारला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारबद्दल बोलताना क्रियापद बदलतं, ते ‘चालवलं’ असं आपण म्हणतो. १९४३ ते १९४६ या काळात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात म्हणजे आजच्या सांगलीसकट, नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव न्यायनिवाडे झाले, कमी खर्चात लग्नं लागली. लोक कर्ता झाले. पण याच सरकारला लोकांनी ‘पत्री सरकार’ म्हटलं. ‘प्रति’ तोंडात फिरून ‘पत्री’ झालं असेल, किंवा बैलाच्या खुरांना पत्र्या मारतात तशी गुंडांना आणि फितुरांना तळपायावर शिक्षा व्हायची त्यावरून पडलं असेल, दोन्ही सांगतात. दुसरा अर्थ मुलांपासून लपवू नका. तिथे सगळं काही आपापल्या नीतीवर चाललं नव्हतं, धाकही होता.

राहिला ‘व्यक्तीच्या’ हा शब्द. पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाळी नसताना पाणी फोडलं, तर शेवटच्या टोकाचा ऊस वाळतो. इथे एकट्याची नीती महत्त्वाची, यात शंका नाही. पण सगळे प्रामाणिक आहेत आणि पाळीच ठरलेली नाही, असं झालं तर? प्रामाणिक माणसालाही आपला वार कळणार नाही. पाळी सर्वांनी बसून ठरवायची आणि मग ज्याने त्याने, रात्री कोणी बघत नसतानाही, ती पाळायची. पहिलं नसेल तर दुसऱ्याला आधार नाही. दुसरं नसेल तर प्रत्येक दारावर पहारा बसवावा लागेल, आणि पहाऱ्याखालचं गाव स्वतंत्र नव्हे. एकट्या व्यक्तीच्या नीतीवर समाज स्वतंत्र होतो असं मला वाटत नाही. तिच्याशिवाय होतो असंही वाटत नाही.

‘नैतिक जबाबदारी’ला आपल्या वर्तमानपत्रांनी ‘स्वीकारून राजीनामा’ हे शेपूट कायमचं जोडलं आहे. १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर तेव्हाचे रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी दिलेल्या राजीनाम्यामुळे त्या शब्दाला वजन आलं. पण तो अपघातानंतरचा जबाब झाला. पाण्याच्या पाळीत लागतो तो आधीचा.

तेव्हा विषय बदलणं तुमच्या हाती असेल तर असा लिहा : ‘नैतिक जबाबदारी घेणारी माणसे समाजाचे स्वातंत्र्य चालवतात’. ‘टिकवतात’ही चालेल, पण माझा कल ‘चालवतात’कडे. आणि फळ्यावर लिहिताना ‘त्र्य’ नीट काढा. ‘स्वातंत्र’ असं लिहिलेलं मुलांच्या वह्यांत फार दिसतं. ‘स्वतंत्र’ हे विशेषण, त्याला ‘य’ लागून ‘स्वातंत्र्य’ हे नाम.