गुडघा दाखवायला जाताना

अरे, व्हीएची (अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची) सी अँड पी तपासणी, म्हणजे अपंगत्वाची भरपाई ठरवण्यासाठीची तपासणी, हा उपचार नव्हे, मोजमाप. डॉक्टर कोनमापक लावून गुडघा किती अंश वाकतो ते लिहितो. ४५ अंशांपुढे वाकेना तर १० टक्के अपंगत्व (यालाच रेटिंग म्हणतात), ३० पुढे वाकेना तर २०. मी पहिल्या वेळी सवयीने 'ठीक आहे सर' म्हणत, दात-ओठ खात पूर्ण वाकवून दाखवला. शुद्ध मूर्खपणा! दुखायला लागेल तिथेच बोल, वाईट दिवशी जिना कसा उतरतोस तेही सांग. वाढवून मात्र नको, जुने कागद त्यांच्यासमोर असतात. तारीख जमत नसेल तर आधीच फोन करून बदलून घे. रेटिंग वाढवायचा अर्ज असताना सबळ कारणाशिवाय दांडी मारलीस, तर तो फेटाळला जाऊ शकतो.

एकाहून जास्त दुखापती असतील तर टक्क्यांची बेरीज शाळेतली नाही हं. ५० आणि ३० म्हणजे ८० नव्हे. शंभरातून ५० गेले, उरलेल्या ५० चे ३० टक्के, म्हणजे १५. झाले ६५, ते पूर्ण दहात धरतात ७०.

सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी योजनेचं एसएसडीआय (काम करू न शकणाऱ्यांचा अपंगत्व-भत्ता) मिळालं म्हणून व्हीएचे टक्के घटत नाहीत. उलट तिथले वैद्यकीय कागद 'दुखापतीमुळे नोकरीच होत नाही' या व्हीएकडच्या दाव्याला उपयोगी पडतात. एसएसआय (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची मदत) वेगळं, तिथे व्हीएची भरपाई उत्पन्नात धरतात.